दमट हवेतले एकवीस किलोमीटर: केजच्या धावपटूंसाठी उन्हाचा हिशेब

पहाटे पाचला केजहून निघणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर पळणारी मुले-मुली दिसतात. बहुतेकांची तयारी पोलीस किंवा सैन्य भरतीची असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते, पण सराव त्याच्या कितीतरी पट होतो. त्यातूनच काहींना लांब पल्ल्याची गोडी लागते आणि नजर अर्धमॅरेथॉनकडे वळते. या शर्यतीचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते. नोकरदार मंडळींमध्येही हा छंद रुजला आहे. सुट्टी आणि शर्यत एकत्र साधावी म्हणून मित्रांचा गट करून गोव्याला किंवा कोकण किनाऱ्यावर धावायला जाणारे आता आपल्याकडेही आहेत.

अशा वेळी एक वाक्य हमखास कानावर पडते: "आपण बेचाळीस डिग्रीत वाढलेली माणसं, गोव्याचं ऊन आपल्याला काय करणार?" हा विश्वास समजण्यासारखा आहे, पण तो धोक्याचा आहे. उन्हाची सवय जन्माने मिळत नाही आणि एका प्रकारच्या उन्हाची सवय दुसऱ्या प्रकारच्या उन्हात पूर्णपणे उपयोगी पडत नाही. शरीर ती काही दिवसांत कमावते आणि काही आठवड्यांत गमावते. हे कसे घडते ते समजून घेतले, तर उन्हातली शर्यतही सुरक्षित धावता येते.

## शरीरात तयार होणारी उष्णता

धावताना एका किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. आहाराच्या तक्त्यात असते तीच ही कॅलरी. ६० किलो वजनाचा माणूस अर्धमॅरेथॉनमध्ये सुमारे १२५० कॅलरी खर्च करतो. त्यातला जेमतेम पाव भाग पाय पुढे टाकण्याच्या कामी येतो. उरलेल्या सुमारे १००० कॅलरींची उष्णता होते आणि ती शरीराबाहेर टाकावीच लागते.

ही उष्णता अंगातच अडकून राहिली तर काय होईल? ६० किलोच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढायला सुमारे ५० कॅलरी पुरतात. म्हणजे १००० कॅलरी कागदावर शरीराला २० अंशांनी तापवू शकतात. प्रत्यक्षात माणसाचे आतले तापमान ३७ वरून ४० अंशांपुढे गेले तरी जीव धोक्यात येतो. शर्यतभर शरीर उष्णता बाहेर टाकत राहते म्हणूनच आपण शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचतो.

उष्णता बाहेर टाकण्याचे मार्ग मोजके आहेत. हवा कातडीपेक्षा गार असेल तर वारा थोडी उष्णता काढून नेतो. कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की वारा उलट शरीराला उष्णता देऊ लागतो. तेव्हा भिस्त घामावरच राहते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. या हिशेबातला कळीचा शब्द 'वाळला' हा आहे. अंगावरून ओघळून रस्त्यावर पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र जवळपास तशीच ठेवून जातो.

## कोरडे ऊन आणि दमट ऊन

मे महिन्यात केजच्या घरातला माठ पाणी गार करतो. पावसाळ्यात मात्र त्याच माठातले पाणी कोमट राहते. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी कोरड्या हवेत पटकन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. हवेतच ओल भरलेली असेल तर ते उडत नाही. धावणाऱ्याच्या कातडीवर नेमके हेच घडते.

हा फरक मोजण्याची एक सोपी रीत आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घातला की पारा खाली उतरतो. हवा कोरडी असेल तर खूप उतरतो, दमट असेल तर थोडाच. या आकड्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घाम शरीराला किती गार करू शकेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

दोन पहाटांची तुलना करू. एका ठिकाणी तापमान २६ अंश आणि आर्द्रता ४० टक्के आहे. मराठवाड्यातल्या उन्हाळी पहाटेचे हे चित्र आहे. तिथे वेट बल्ब तापमान सुमारे १७ अंश येते. दुसऱ्या ठिकाणी तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के आहे. ही उन्हाळ्यातली किनारपट्टी आहे. तिथे तोच आकडा २५ अंशांवर जातो. मोबाइलवर दिसणाऱ्या तापमानात फरक एका अंशाचा आहे, घामाच्या दृष्टीने मात्र आठ अंशांचा. केजच्या धावपटूची किनाऱ्यावर फसगत होते ती इथेच. मोबाइलवरचा आकडा पाहून तो नेहमीच्या वेगाने निघतो आणि घाम वाळत नसल्यामुळे पाच-सहा किलोमीटरनंतर तापू लागतो.

दुपारी काय होते तेही पाहू. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब तापमान २२ च्या आसपास राहते. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ते २८ च्या वर जाते. म्हणून केजची दुपार सुरक्षित ठरते असा अर्थ कुणी काढू नये. ४२ अंशांची हवा स्वतःच शरीर तापवते, वरून सूर्याची धग असते आणि कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर उडतो की किती पाणी गेले हे कळतही नाही. दोन्ही दुपारी धावण्यासाठी वर्ज्यच आहेत, फक्त त्यांची मारण्याची रीत वेगळी आहे.

ऊन, वारा आणि ओल यांचा एकत्र विचार करणारा आकडा म्हणजे वेट बल्ब ग्लोब तापमान. त्यात वेट बल्ब तापमानाला ७० टक्के, काळ्या गोळ्यात मोजलेल्या उन्हाच्या धगीला २० टक्के आणि साध्या तापमानाला १० टक्के वजन दिले जाते. अमेरिकी सैन्याने १९५०च्या दशकात प्रशिक्षणातले उष्माघात टाळण्यासाठी तो वापरात आणला. हा आकडा २८ च्या वर गेला तर लांब पल्ल्याची शर्यत घेऊ नये किंवा पुढे ढकलावी, असा सल्ला अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने पूर्वीपासून दिला आहे.

दमट उष्णतेपुढे बसून राहिलेली माणसेही टिकत नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. हा आकडा मराठवाड्यात कुणाच्या भुवया उंचावणार नाही.

## सुट्टीच्या गावातली शर्यत

गोव्यात धावण्याचे दोन ठळक प्रसंग आहेत. पहिला म्हणजे वास्कोजवळच्या चिखली भागात डिसेंबरमध्ये होणारी गोवा रिव्हर मॅरेथॉन. ती २०१० पासून सुरू झाली. डिसेंबरची पहाट त्यातल्या त्यात सुसह्य असते, पण किनाऱ्यावरची ओल तेव्हाही हवेत असतेच.

दुसरा प्रसंग अधिक कठोर आहे. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत होते. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर अर्धमॅरेथॉन धावायची, असा तिचा क्रम असतो. साहजिकच बहुतेक स्पर्धकांचे धावणे सकाळी उशिरा किंवा भर दुपारी येते. पाऊस नुकताच संपलेला असतो, हवा जड असते आणि शरीर आधीच काही तास खर्ची पडलेले असते. इथे वेगवान सायकलपटूही चालत चालत शेवट गाठतात, कारण उरलेली ताकद उष्णता बाहेर टाकण्यात जाते.

सहलीच्या गावात शर्यत असली की हवेच्या भरीला आणखी काही गोष्टी येतात. रात्रभराचा बसचा किंवा गाडीचा प्रवास करून अपुऱ्या झोपेने माणूस पोहोचतो. आदल्या दिवशी दुपारभर किनाऱ्यावर आणि किल्ल्यांवर फिरणे होते. संध्याकाळी दारू होते, ती लघवीवाटे पाणी काढते आणि झोप बिघडवते. सवय नसलेले जेवण पोटाला सोसत नाही. खोलीत वातानुकूलन लावून तीन दिवस काढले तर बाहेरच्या हवेची सवय लागण्याची संधीही जाते. म्हणून सहलीचा क्रम उलटा करा. शर्यत आधी, फिरणे नंतर. शक्य असेल तर शर्यतीच्या पाच-सहा दिवस आधी पोहोचा आणि रोज सकाळी अर्धा-पाऊण तास हळू पळा. तेवढी रजा मिळत नसेल तर वेळेचे उद्दिष्ट घरीच ठेवून जा आणि शर्यत पूर्ण करणे एवढेच ध्येय धरा.

## आष्टीचा अविनाश आणि दिल्लीची थंडी

बीड जिल्ह्यात लांब पल्ल्याचे नाव निघाले की आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे आठवतात. लहानपणी ते शाळेसाठी रोज काही किलोमीटर चालत-पळत जात. पुढे महार रेजिमेंटमध्ये सैनिक झाल्यावर त्यांनी सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे वाळवंट दोन्ही अनुभवले. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली.

आपल्या विषयाशी जोडलेली त्यांची कामगिरी मात्र २९ नोव्हेंबर २०२० ची आहे. दिल्ली अर्धमॅरेथॉन त्यांनी १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत अर्धमॅरेथॉन धावणारे ते पहिले भारतीय ठरले. दुष्काळी मुलखात वाढलेल्या या धावपटूने हा विक्रम दिल्लीच्या नोव्हेंबरअखेरच्या थंड सकाळी केला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. मोकळ्या रानात, उन्हातान्हात वाढल्याने चिकाटी आणि पायांची ताकद मिळते. वेग मात्र गार हवेतच फुलतो, कारण तिथे हृदयाला सगळे रक्त स्नायूंकडे पाठवता येते. उन्हात त्याच रक्तातला मोठा हिस्सा उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडे वळवावा लागतो. स्नायूंच्या वाट्याला कमी येते आणि त्याच वेगासाठी नाडी जलद पडते. जगातल्या कोणत्याही धावपटूला हा नियम चुकलेला नाही. २०१९ मध्ये दोह्याला जागतिक स्पर्धेतली महिला मॅरेथॉन मध्यरात्री घेतली, तरी तापमान ३२ अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्क्यांवर होती. ६८ धावपटूंनी सुरुवात केली, ४० जणींनी शर्यत पूर्ण केली. त्या सगळ्या आपापल्या देशांच्या निवडक धावपटू होत्या. पुढच्या ऑलिंपिकची मॅरेथॉन टोकियोऐवजी आठशे किलोमीटर उत्तरेला, साप्पोरो शहरात नेण्यामागे हाच अनुभव होता.

## उन्हाची सवय कशी लागते

उन्हात रोज साधारण एक तास हलका ते मध्यम व्यायाम केला तर १० ते १४ दिवसांत शरीर बदलते. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे नाडी उतरते. त्यानंतर घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. त्याच वेगाला आतले तापमान कमी चढते.

ही सवय टिकाऊ नसते. उन्हातला व्यायाम थांबला की दोन-तीन आठवड्यांत तिचा बराचसा भाग जातो. मे महिन्यात कमावलेली सवय ऑक्टोबरच्या शर्यतीला कामाची नाही. दिवसभर दुकानात, कार्यालयात किंवा वर्गात पंख्याखाली बसणाऱ्याला केजमध्ये राहूनही ती लागत नाही. उलट दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारे मजूर फडात महिनोन्‌महिने राबतात, त्यांचे शरीर घाम गाळायला तयार झालेले असते. तरीही आजारपण, उपास किंवा पाण्याची टंचाई आली की तेही उन्हाला बळी पडतात.

किनाऱ्यावरच्या शर्यतीसाठी केजमध्ये राहून तयारी करायची तर पावसाळ्यातल्या दमट सकाळी उपयोगी आहेत. जून ते सप्टेंबर या काळात पावसाची उघडीप मिळाली की लांबचे धावणे तेव्हा उरका. शर्यत जवळ आल्यावर आठवड्यातले तीन-चार हलके सराव सकाळी साडेआठ-नऊला किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास ठेवा. सुरुवात वीस मिनिटांनी करा आणि हळूहळू तासापर्यंत जा. वेगाचा आणि लांब पल्ल्याचा सराव मात्र पहाटेच करा. मार्च ते मे या काळात असे उन्हातले प्रयोग करू नका. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यामुळे पाचला निघून सातपर्यंत घरी येणे हाच तेव्हाचा नियम ठेवा. उन्हात एकटे पळू नका, आणि कुठल्या रस्त्याने जाणार ते घरी सांगून निघा.

## वेग ठरवताना

उन्हात सगळ्यात जास्त नुकसान पहिले पाच किलोमीटर करतात. पहाटेचा गारवा असतो, सोबत गर्दी आणि ढोल-ताशे असतात, पाय ताजे असतात. तेव्हा साठलेली उष्णता पुढे कमी करता येत नाही, कारण धावणे चालू असेपर्यंत नवी उष्णता तयार होतच राहते.

म्हणून सुरुवातीला गार हवेतल्या आपल्या वेगापेक्षा दर किलोमीटरला २० ते ३० सेकंद हळू निघा. हवा फारच जड असेल तर त्याहून हळू. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. नाडी मोजणारे घड्याळ असेल तर त्यातल्या वेगाऐवजी नाडीकडे पाहा. सरावात अर्धमॅरेथॉनच्या वेगाला नाडी १६० असेल, तर उन्हात पहिल्या निम्म्या अंतरात ती १६० च्या वर जाऊ देऊ नका, मग वेग कितीही उतरो. पंधराव्या किलोमीटरनंतर बरे वाटत असेल तर वाढवा. पाण्याच्या प्रत्येक टेबलाजवळ अर्धा मिनिट चालणे ही चांगली योजना आहे. त्या वेळात पाणी नीट पिता येते, डोक्यावर ओतता येते आणि नाडी थोडी उतरते.

## पाणी, मीठ आणि जास्त पाण्याचा धोका

प्रत्येकाचा घाम वेगळा असतो, म्हणून तो घरीच मोजून घ्यावा. तासभर धावण्याआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. वजन ६० वरून ५९.१ किलो झाले आणि वाटेत ३०० मिलिलिटर पाणी प्यायले असाल, तर तासाला सुमारे १.२ लिटर घाम गेला. हवेनुसार हा आकडा बदलतो, त्यामुळे मोजणी शर्यतीसारख्या हवेत करा. सगळेच्या सगळे पाणी धावताना भरून काढण्याची गरज नसते. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आसपास राहिली तर चालते. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर पुरते. हळू आणि हलक्या धावपटूंना त्यातले खालचे माप, जड आणि वेगवान धावपटूंना वरचे.

पाणी जितके जास्त तितके चांगले, हा समज घातक आहे. चार-पाच तास धावणाऱ्याने प्रत्येक टेबलावर पोटभर साधे पाणी प्यायले तर रक्तातले सोडियम पातळ होते. डोके दुखते, उलटी होते, बोटे सुजतात, पुढे झटके येतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले होते. शर्यतीनंतर वजन आधीपेक्षा वाढलेले असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले, असे समजावे.

मिठासाठी महागडी पेये लागत नाहीत. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात मिसळली की काम होते. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी असते, म्हणून गोव्यात शहाळे पिताना सोबत काहीतरी खारट खा. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, कोकम सरबत हे सगळे शर्यतीनंतर उत्तम. धावताना ताकाचे किंवा आंबट पेयाचे प्रयोग करू नका, पोट बिघडते. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही तोंडात घालायचे नाही.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. खिशातला कांदा शरीराची उष्णता कमी करत नाही. तो ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी पळायला मात्र निघू नका.

## कपडे आणि गारवा

सैल, फिक्या रंगाचा आणि पातळ कपडा घाला. जाड सुती बनियन घामाने भिजून जड होतो आणि अंगाला चिकटतो, त्यामुळे पळताना विणीत हवा खेळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे बरे. डोक्यावर जाळीची टोपी असावी. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि काखेत व्हॅसलीन लावले तर दमट हवेत कातडी सोलवटत नाही.

किनाऱ्यावर डोक्यावर पाणी ओतून तात्पुरते बरे वाटते, पण ते वाळत नसल्याने फायदा मर्यादित राहतो. तिथे बर्फ जास्त कामाला येतो. रुमालात बर्फाचा चुरा बांधून मानेभोवती घ्या, टोपीत ठेवा, हातात धरा. सुरुवातीच्या अर्धा तास आधी सावलीत उभे राहा, थंड पाण्याचे घोट घ्या आणि वॉर्म-अप अगदी थोडा ठेवा. उन्हात अंग आधीच तापलेले असते.

## कुणी धावू नये

मागच्या आठवड्यात ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर धावू नका. आदल्या रात्री झोप झाली नसेल किंवा दारू झाली असेल तरीही नको. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधे आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या यांमुळे शरीराची गार होण्याची क्षमता कमी होते. अशी औषधे चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाव नोंदवू नका. शर्यतीआधी दुखू नये म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेण्याची सवय वाईट आहे. उन्हात पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. छातीत दुखणे, धावताना चक्कर येणे किंवा घरात तरुणपणी हृदयविकाराने कुणी गेलेले असणे, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी करा.

## धोक्याची खूण आणि पहिला अर्धा तास

ऊन लागण्याच्या दोन पायऱ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिलीत माणूस थकतो, मळमळते, डोके दुखते, पाय लटपटतात, पण तो शुद्धीवर असतो आणि विचारलेल्याचे नीट उत्तर देतो. त्याला सावलीत आडवे करा, पाय थोडे वर ठेवा, कपडे सैल करा, वारा घाला आणि ओआरएस घोट घोट द्या.

दुसरी पायरी म्हणजे उष्माघात. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि मेंदूवर परिणाम झालेला असतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, स्वतःचे नाव किंवा गाव सांगू शकत नाही, कोसळतो. अंग कोरडे पडेल तेव्हाच उष्माघात समजायचा, ही चूक जिवावर बेतते. धावताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. बोलण्यातला गोंधळ हीच पक्की खूण धरा.

अशा वेळी आधी गार करा, मग हलवा. १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि बाकीच्यांनी त्याला थंड पाण्यात बसवा. मोठे टब, प्लास्टिकचे पिंप, जनावरांच्या पाण्याचा हौद, जे हाती लागेल ते वापरा. त्यात बर्फ टाका, डोके पाण्याबाहेर धरा आणि एकाने सतत जवळ राहा. हे शक्य नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी सगळ्या अंगावर टाका, दर दोन-तीन मिनिटांनी बदला आणि जोरात वारा घाला. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी देऊ नका, इथे ती काही करत नाही.

या उपायाचा सर्वांत भक्कम पुरावा एका सुट्टीच्या गावातून आला आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फालमथ या समुद्रकाठच्या गावी दर ऑगस्टमध्ये सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. हवा दमट, अंतर लहान, म्हणून सगळे जोरात पळतात. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण झाले. शेवटच्या रेषेजवळच्या तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब तयार ठेवलेले असत आणि रुग्णाला लगेच त्यात बसवत. एकही जण दगावला नाही.

आपल्याकडचा अनुभव याच्या उलट आणि वेदनादायक आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवार कोसळले आणि त्यातले काही जण गेले. गावाकडून नोकरीच्या आशेने आलेली ती तरुण मुले होती. किनाऱ्यावरची जूनमधली दमट हवा आणि जिवाच्या आकांताने धावण्याची सक्ती या दोन्हींना त्यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागले. त्यानंतर सरकारने अंतर कमी केले. केजच्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या मुलामुलींना हीच हवा आणि हीच सक्ती उद्या भेटणार आहे. म्हणून भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक अकादमीत उष्माघात ओळखणे आणि थंड पाण्यात बसवणे हे दोन धडे पहिल्या आठवड्यातच शिकवले गेले पाहिजेत.

## केजमध्ये शर्यत घ्यायची तर

आपल्या तालुक्यात अर्धमॅरेथॉन व्हावी, असे अनेकांना वाटते. धनेगावच्या मांजरा धरणाचा परिसर किंवा लोखंडी सावरगावकडे जाणारा रस्ता धावपटूंना आवडेलही. ती घेताना पुढील गोष्टी पक्क्या कराव्यात.

- महिना डिसेंबर किंवा जानेवारी असावा. मार्च ते जून पूर्ण टाळावा.
- सुरुवात पहाटे साडेपाच-सहाला व्हावी. पाहुण्यांची भाषणे आणि सत्कार शर्यत संपल्यावर घ्यावेत, म्हणजे धावपटू उन्हात ताटकळत नाहीत.
- दर दोन-अडीच किलोमीटरला पाणी असावे आणि एकाआड एक टेबलावर ओआरएस. बर्फ शेवटच्या धावपटूपर्यंत पुरला पाहिजे.
- शेवटच्या रेषेजवळ सावलीत दोन मोठे टब, पाणी, बर्फ आणि शिकवलेले स्वयंसेवक असावेत.
- केजचे सरकारी रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांना तारीख व वेळ आधी लेखी कळवावी.
- हवा बिघडली तर शर्यत लहान करण्याचा, पुढे ढकलण्याचा किंवा मधेच थांबवण्याचा अधिकार एका डॉक्टरकडे द्यावा आणि तसे आधीच जाहीर करावे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. वर्गणी गोळा झालेली असते, बक्षिसे आलेली असतात, पुढारी येणार असतात. तरीही तो निर्णय घेता येतो. ७ ऑक्टोबर २००७ रोजी अनपेक्षित उकाडा वाढला तेव्हा शिकागोसारख्या जगप्रसिद्ध मॅरेथॉनच्या आयोजकांनी हजारो धावपटूंना अर्ध्या वाटेवर थांबवले.

धावपटूच्या बाजूनेही हाच नियम लागू आहे. उन्हात शर्यत सोडणाऱ्याला कच्चा ठरवण्याची पद्धत आपण बंद केली पाहिजे. अंगावर काटा येऊ लागला, थंडी वाजू लागली, पाय सरळ पडेनासे झाले किंवा डोके जड झाले की थांबणे हे त्या दिवशीचे योग्य काम आहे. घरच्यांनी, प्रशिक्षकांनी आणि सोबत्यांनी अशा माणसाच्या पाठीवर तितक्याच मोकळेपणाने थाप द्यावी, जितकी ते पदक आणणाऱ्याला देतात. शर्यती दरवर्षी येतात. हवा ओळखून वेग ठरवणारा आणि वेळेवर थांबणारा धावपटू त्यांतल्या कितीतरी पूर्ण करतो.